फाइल सर्व्हरमधलं ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणजे काय? रकाना भरून वाहिला की चोर आत कसा शिरतो, सविस्तर माहिती

आमच्या गोठ्यावर चार कॅमेरे आहेत. मागे आसपासच्या वस्त्यांवर म्हशी चोरीला जायला लागल्या, तेव्हा बसवून घेतले. परवा फुटेज दिसेना म्हणून तालुक्याच्या गावाहून एका जाणत्या पोराला बोलावलं. त्याने रेकॉर्डरची सेटिंग उघडली आणि मलाच विचारलं, “काका, हे एफटीपी कशाला चालू ठेवलंय? आणि पोर्ट २१ बाहेरच्या जगाला उघडं कुणी केलं?”

मला दोन्ही शब्द नवीन होते. बसवणाऱ्याने चालू करून ठेवलं होतं. पासवर्ड कारखान्यातून आलेला, तसाच होता. आतलं सॉफ्टवेअर बसवल्यापासून एकदाही अपडेट झालेलं नव्हतं. म्हणजे गोठ्याला पुढून कुलूप आणि मागून वाट मोकळी. नुकसान झाल्याचं काही दिसलं नाही, पण त्या पोराने जाता जाता एक शब्द सांगितला, ‘बफर ओव्हरफ्लो’. तो समजून घ्यायला मला पुढचे पंधरा दिवस लागले. जे समजलं ते आपल्या वाचकांसाठी एका जागी मांडतो आहे. लेख मोठा आहे, पण जपून ठेवण्यासारखा आहे.

एफटीपी म्हणजे काय?

एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावर नेण्याची जी ठरलेली पद्धत, ती एफटीपी. पूर्ण नाव फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. ही पद्धत पहिल्यांदा कागदावर मांडली ती एका भारतीयाने. अभय भूषण हे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी या पद्धतीचा पहिला मसुदा लिहिला. पुढे त्यात बदल होत गेले आणि १९८५ मध्ये जे नियम ठरले, तेच आजही मूळ धरले जातात.

ज्या यंत्रावर फाइली ठेवलेल्या असतात आणि जे मागणाऱ्याला देतं, ते सर्व्हर. त्यावर एक प्रोग्रॅम दिवसरात्र कान देऊन बसलेला असतो. बाहेरून कुणी आलं की तो विचारतो, नाव काय, पासवर्ड काय, कुठली फाइल पाहिजे. या बोलण्यासाठी २१ नंबरचं दार ठरलेलं आहे. त्यालाच पोर्ट २१ म्हणतात.

सर्व्हर म्हटलं की मोठ्या कंपनीतलं कपाट डोळ्यांसमोर येतं. पण कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, पेन ड्राइव्ह लावता येणारा वायफाय राउटर, कॉम्प्युटरवर फाइली पाठवण्यासाठी मोबाइलमधल्या फाइल मॅनेजरची सोय, या सगळ्यांत छोटा एफटीपी सर्व्हर असू शकतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

बफर म्हणजे काय?

प्रोग्रॅमला बाहेरून आलेली माहिती थोडा वेळ कुठेतरी ठेवावी लागते. त्यासाठी तो मेमरीत मोजून जागा राखतो. ती राखलेली जागा म्हणजे बफर.

आपण बँकेची स्लिप भरतो त्यात नावासाठी चौकोन असतात. समजा, वीस चौकोन आहेत. एखाद्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव मिळून तीस अक्षरं झाली, तर माणूस थांबतो, आडनाव खाली लिहितो किंवा नाव आखडतं घेतो. चौकोन संपले हे त्याला दिसतं.

कॉम्प्युटरला ते आपोआप दिसत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘वीस झाले की थांब’ असं सांगितलं असेल तर तो थांबतो. सांगायचं राहिलं, तर एकविसावं अक्षर तो शेजारच्या रकान्यात लिहितो, बाविसावं त्याच्या पुढे. त्या रकान्यात आधी जे होतं ते पुसलं जातं. पाटाचं पाणी एका वाफ्यातून फुटून शेजारच्या वाफ्यात जावं, तसंच. याला म्हणतात बफर ओव्हरफ्लो.

ही चूक मुख्यतः सी आणि सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये होते. सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी तयार केली. तेव्हा मेमरी फार थोडी असायची, यंत्रं मंद होती. त्यामुळे प्रत्येक वेळी मोजमाप तपासायचं काम भाषेने स्वतःकडे न ठेवता लिहिणाऱ्यावर सोडलं. भाषा वेगवान झाली, पण माप विसरलं की भोक राहिलं. जगातले बहुतेक जुने एफटीपी सर्व्हर याच भाषेत लिहिलेले आहेत.

चोर याचा फायदा कसा घेतो?

नुसतं सांडलं तर प्रोग्रॅम बंद पडतो. तोही त्रासच आहे, पण खरा धोका पुढे आहे.

प्रोग्रॅम मोठं काम करताना मधेच एखादं छोटं काम करायला जातो. जाताना मेमरीत एक चिठ्ठी ठेवतो, ‘हे काम झालं की अमुक ठिकाणी परत जायचं’. अनेकदा ही चिठ्ठी बफरच्या अगदी शेजारी असते.

आता असं समजा, गडी नवीन आहे आणि सांगेल तेवढंच करणारा आहे. वहीत वर नावाचे चौकोन, त्याखाली मालकाने लिहिलेलं ‘हे झालं की विहिरीवर ये’. कुणी परका आला आणि त्याने मुद्दाम इतकं लांब नाव सांगितलं की ते चौकोन ओलांडून खालच्या ओळीवर गेलं. आणि त्या नावाची शेवटची अक्षरं अशी जुळवली की खालच्या ओळीत ‘हे झालं की तिजोरी उघड’ असं उमटलं. गड्याला काही संशय येत नाही. ओळ तिथेच आहे, वही मालकाचीच आहे. तो तिजोरी उघडतो.

यात चोराने पासवर्ड चोरला नाही, कुणाला फसवून ओटीपी घेतला नाही. प्रोग्रॅमला त्याचाच हुकूम बदलून दिला. म्हणून हा प्रकार इतका वाईट मानला जातो.

एफटीपी सर्व्हरच यात जास्त का सापडले?

कारणं सरळ आहेत.

१) हा प्रोग्रॅम परक्यांशी बोलण्यासाठीच बसलेला असतो. पासवर्ड तपासायच्या आधीच नाव विचारतो, म्हणजे अनोळखी माणसाने दिलेलं काहीतरी त्याला मेमरीत घ्यावंच लागतं.

२) पूर्वी अनेक ठिकाणी ‘अनॉनिमस’ म्हणजे नाव न सांगता येण्याची मुभा होती. विद्यापीठं, संस्था सॉफ्टवेअर वाटण्यासाठी असे सर्व्हर उघडे ठेवत. काही ठिकाणी तर परक्याला फोल्डर बनवायचीही परवानगी असे.

३) फोल्डरचं नाव, फाइलचा पत्ता, कमांड हे सगळं लांबी न ठरलेलं असतं. एकात एक फोल्डर केले की पत्ता वाटेल तेवढा लांब होतो. मोजमाप चुकायला जागा भरपूर.

४) २१ नंबरचं दार उघडायला युनिक्स यंत्रावर सर्वांत वरचा अधिकार लागत असे. त्याला ‘रूट’ म्हणतात. म्हणजे चोर आत शिरला की थेट पाटलाच्या खुर्चीत.

आजवर काय काय घडलं?

१९७२: अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी लिहिलेल्या अहवालात हा धोका नोंदवलेला होता. म्हणजे दुखणं जुनं आणि माहितीतलं.

१९८८: २ नोव्हेंबरला ‘मॉरिस वर्म’ सुटला. रॉबर्ट मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याचा प्रोग्रॅम आपोआप एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पसरत गेला. पसरायच्या वाटांपैकी एक बफर ओव्हरफ्लोची होती. ‘फिंगर’ नावाच्या सेवेत ५१२ अक्षरांची जागा होती, त्याने ५३६ पाठवली. फरक फक्त २४ अक्षरांचा. अंदाजे ६,००० यंत्रं अडकली, असं तेव्हा सांगितलं गेलं. मॉरिसला तीन वर्षं देखरेखीखाली राहणं, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. याच घटनेनंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ ही इशारे देणारी पहिली संस्था उभी राहिली. हा हल्ला एफटीपीवरचा नव्हता, पण वाट तीच.

१९९६: ‘फ्रॅक’ या ऑनलाइन मासिकात ‘अलेफ वन’ या टोपणनावाने हा प्रकार पायरीपायरीने समजावणारा लेख आला. तोवर मोजक्या लोकांना जमणारी विद्या सगळ्यांच्या हाती गेली.

१९९९: अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेला ‘डब्ल्यूयू-एफटीपीडी’ हा तेव्हा जगभर वापरला जाणारा सर्व्हर. फेब्रुवारीत त्यात आणि ‘प्रोएफटीपीडी’ या दुसऱ्या सर्व्हरमध्ये ओव्हरफ्लो सापडला. परक्याने एकात एक लांब नावांचे फोल्डर बनवले की पत्ता राखलेल्या जागेत मावेना. तिथून रूटचा ताबा मिळू शकत होता. पुढच्या काही वर्षांत डब्ल्यूयू-एफटीपीडीत एकामागून एक भोकं निघत राहिली आणि लोकांनी हळूहळू त्याला रामराम ठोकला.

२००९: ३१ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरमधल्या एफटीपी भागातला ओव्हरफ्लो जाहीर झाला. फोड करायची युक्ती आधी बाहेर आली आणि दुरुस्ती १३ ऑक्टोबरला आली. मधले सहा आठवडे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एफटीपी बंद ठेवून किंवा फोल्डर बनवायची परवानगी काढून काढले.

२०१०: प्रोएफटीपीडीमध्ये पासवर्ड न देताही वापरता येईल असा ओव्हरफ्लो सापडला. २५५ या किमतीचं एक खास अक्षर आलं की प्रोग्रॅमचं मोजमाप चुकायचं. ऑक्टोबरच्या शेवटी दुरुस्त आवृत्ती आली. पण गोष्ट इथे संपली नाही. २८ नोव्हेंबरला प्रोएफटीपीडीच्या स्वतःच्याच मुख्य सर्व्हरवर चोर शिरले आणि दुरुस्त आवृत्तीच्या जागी चोरदार ठेवलेली आवृत्ती ठेवून गेले. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेपर्यंत लोक तीच उतरवून घेत होते. त्यांच्या यंत्रावर एफटीपीमधली दुरुस्त न केलेली चूकच चोरांनी वापरली असावी, असं बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं. औषध तयार होतं, पण वैद्यानेच घेतलेलं नव्हतं. या एका उदाहरणात मला सगळ्या विषयाचं सार दिसतं.

चोरावर मोर: सासर आणि डॅबर

३० एप्रिल २००४ पासून ‘सासर’ नावाचा वर्म विंडोज कॉम्प्युटरवर पसरला. कुठल्या लिंकवर बोट न लावता, नुसतं इंटरनेट जोडलेलं असलं तरी तो यायचा. त्याची वाटही विंडोजमधल्या बफर ओव्हरफ्लोची. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १३ एप्रिललाच दिली होती. १७ दिवस हातात होते, पण लाखो लोकांनी ती घेतली नव्हती. ब्रिटनच्या तटरक्षक यंत्रणेला नकाशांचं काम काही काळ कागदावर करावं लागलं. वर्म लिहिणारा निघाला जर्मनीतला एक शाळकरी पोरगा.

गंमत पुढे आहे. सासर ज्या यंत्रात शिरे तिथे स्वतःचा छोटा एफटीपी सर्व्हर ५५५४ नंबरच्या दारावर चालू करी, म्हणजे पुढच्या यंत्राला तिथून वर्मची फाइल उतरवता यावी. आणि त्या पोराने लिहिलेल्या या एफटीपी सर्व्हरमध्येच बफर ओव्हरफ्लो होता! मे महिन्यात ‘डॅबर’ नावाचा दुसरा वर्म आला, तो फक्त सासर लागलेली यंत्रं शोधायचा आणि त्याच भोकातून आत जायचा. चोराने पाडलेल्या भगदाडातून दुसरा चोर. ज्याचं काम दुसऱ्याची चूक शोधणं, त्यानेही तीच चूक केली.

कंपन्यांनी काय उपाय केले?

पहिला उपाय पहारेकऱ्याचा. चिठ्ठीच्या आधी एक गुप्त आकडा ठेवायचा. ओव्हरफ्लो झाला तर तो आकडा आधी पुसला जातो आणि प्रोग्रॅम लगेच थांबतो. याला ‘कॅनरी’ म्हणतात. कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून पूर्वी कॅनरी पक्षी नेत, त्यावरून हे नाव. १९९८ पासून ही युक्ती आली.

दुसरा, माहिती ठेवायच्या जागेतून हुकूम चालवायला बंदी. विंडोजमध्ये ही सोय २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आहे.

तिसरा, मेमरीतल्या जागा दरवेळी बदलायच्या, म्हणजे तिजोरी कुठे आहे ते चोराला कळू नये.

चौथा, अधिकारच कमी द्यायचे. ख्रिस इव्हान्स यांचा ‘व्हीएसएफटीपीडी’ हा सर्व्हर याच विचाराने लिहिला. परक्याशी बोलणारा भाग वेगळा, किल्ली असलेला भाग वेगळा.

पाचवा उपाय मुळावरचा. रस्टसारख्या नव्या भाषांत मोजमाप भाषा स्वतः तपासते. गूगलने २०२४ मध्ये सांगितलं की अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या चुकांत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २४ टक्क्यांवर आला. नवा भाग अशा भाषांत लिहायला लागल्याचा हा परिणाम.

पण हे उपाय नव्या यंत्रांवर. स्वस्तातले रेकॉर्डर, जुने राउटर यांत यातलं काही असेलच असं नाही.

आपण काय करायचं?

• मोबाइलच्या फाइल मॅनेजरमधली एफटीपी किंवा ‘नेटवर्कवरून पाहा’ ही सोय काम झालं की बंद करा. ती फक्त घरच्या वायफायवर वापरा, स्टँडवरच्या किंवा लॉजच्या फुकट वायफायवर नको. पासवर्ड ठेवायची सोय असेल तर ठेवा.

• कॅमेरा बसवणाऱ्याला विचारा: एफटीपी चालू आहे का? बाहेरून कुठले पोर्ट उघडे ठेवलेत? गरज नसेल तर त्याच्याकडूनच बंद करून घ्या. पैसे देतानाच विचारलं तर काम लवकर होतं.

• कारखान्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. ओव्हरफ्लो याने थांबत नाही, पण साधे चोर थांबतात.

• रेकॉर्डर आणि राउटरच्या सेटिंगमध्ये ‘फर्मवेअर अपडेट’ असतं. दर दोन-तीन महिन्यांनी पाहा. अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा, नाहीतर यंत्र निकामी होऊ शकतं. भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच करा.

• मोबाइलवर अपडेटची सूचना आली की ‘नंतर’ दाबत बसू नका.

• दूध संस्था, सोसायटी, दुकान, सेवा केंद्र इथे जुने कॉम्प्युटर असतात. विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर आणि विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीची नेहमीची मोफत दुरुस्ती मिळत नाही. अशा यंत्रावर सभासदांचे खाते उतारे आणि आधारच्या प्रती ठेवणं धोक्याचं आहे. वार्षिक सभेत हा प्रश्न विचारायला सभासद म्हणून आपल्याला हक्क आहे.

• पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातून जाण्याची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एफटीपी तर जुनं झालं ना?*
बरंचसं. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. पण यंत्रांच्या पोटात ते अजून आहे.

*कुलूप असलेली नवी पद्धत, एसएफटीपी, वापरली तर ओव्हरफ्लो होत नाही का?*
कुलूप वाटेवरच्या चोरासाठी. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, तो इथे झाकला जातो, म्हणून ती चांगलीच. पण सर्व्हरचा प्रोग्रॅम लिहिताना मोजमाप चुकलं असेल तर कुलूप असूनही भोक राहतंच.

*फाइल सर्व्हरवरचे सगळे हल्ले याच प्रकारचे असतात का?*
नाही. मे २०२३ च्या अखेरीस ‘मूव्हइट’ या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून जगभरातल्या दोन हजारांहून जास्त संस्थांची माहिती चोरीला गेली. तिथली चूक वेगळ्या जातीची होती, डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात चोराने आपले शब्द घुसडले. पण मूळ तेच. बाहेरून आलेलं न तपासता आत घेतलं.

*भारतात यावर लक्ष कोण ठेवतं?*
‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून हे काम करते. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं आणि दुरुस्ती कुठली, याचे इशारे ती देत असते. एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार कंपन्या आणि संस्थांनी ठरावीक प्रकारचे हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचे असतात.

माझ्या गोठ्यावरच्या रेकॉर्डरचं म्हणाल तर एफटीपी बंद केलं, बाहेरचं पोर्ट मिटवलं, पासवर्ड बदलला. फर्मवेअर मात्र मिळालं नाही, त्या मॉडेलला कंपनीने नवीन काढणंच बंद केलंय. ऊस बिल आलं की दुसरा घ्यायचा, असं ठरवलं आहे. घेताना आता किंमत आणि कॅमेऱ्यांची संख्या विचारायच्या आधी मी एक प्रश्न विचारणार आहे, ‘याला अपडेट किती वर्षं देणार?’ तुम्हीही विचारा.